रेंज

“हिच्या टॅबमध्ये सिनेमा कॉपी करून दे म्हणून किती वेळा सांगायचं तुला?” ढाब्याच्या दारातच माझा आवाज चढला.

घटस्फोटानंतर दर रविवारी संध्याकाळी, याच ढाब्यावर, आमची लेक जुई तिच्या बाबाच्या गाडीतून उतरून माझ्या गाडीत बसते. या रस्त्यावर नेट नसतं. म्हणून तो लॅपटॉपमध्ये साठवलेला सिनेमा त्याच्याच हॉटस्पॉटवरून तिच्या टॅबवर लावून देतो. मग रेंज सुटू नये म्हणून, शेजारच्या सीटवर लॅपटॉपला बेल्ट लावून, आमच्या गाडीच्या अगदी मागे मागे येतो. टोलनाक्याच्या अलीकडे तो परत वळतो. सिनेमा अडकतो आणि घरापर्यंत जुईची भुणभुण मला ऐकावी लागते.

आज मी हटूनच बसले. त्यानं सिनेमा टॅबमध्ये टाकला, जुईचे केस विस्कटले आणि आपल्या गाडीकडे गेला. आम्ही निघालो.

टोलनाका मागे पडला. सिनेमा एकदाही अडकला नव्हता. जिंकल्यासारखं वाटून मी आरशात पाहिलं. टॅब सीटवर तसाच बडबडत पडला होता आणि जुई मागच्या काचेला नाक लावून अंधारातले गाड्यांचे दिवे बघत होती.

“आता काय झालं? चालू आहे ना सिनेमा?”

“चालूच आहे,” ती रडवेली होऊन म्हणाली. “मग बाबा कुठं वळला, ते मला कसं कळणार?”