रतनची पात

लावणीच्या बायका एका ओळीत वाकून मागे मागे सरकत होत्या. शेजारणी-शेजारणीतलं अंतर सगळीकडे सारखं होतं, फक्त बनाबाई आणि सगुणाबाई यांच्या मध्ये एका बाईपुरती जागा सुटली होती. ओळ मागे सरकली की ती रिकामी जागाही सरके. आणि तिच्या पुढ्यातल्या चिखलात रोपं मात्र लागलेली असत.

अकिला बांधावरून हे बघत होती. पासली गावात आज मानसिंगच्या खाचरात इर्जिक होती. गावच्या बायांनी येऊन लावणी करायची, मजुरी नाही, जेवण मानसिंगचं. उद्या दुसरीच्या खाचरात सगळ्यांनी उतरायचं. जेवणाच्या मोठ्या पातेल्यांना कल्हई करायला भोरहून अकिलाचे वडील, फारूकभाई, आले होते. दरवर्षी भाता ओढायला अकिला सोबत असे. आज पडवीत भट्टी पेटल्यावर ते म्हणाले होते, "तू जा, काय बघायचं ते बघून ये. भात्याचं मी बघतो."

अकिला पुण्यात अर्थशास्त्र शिकून एम.ए. झाली होती. गिरणीतल्या बायकांसाठी जे कायदे झाले, त्यांचं प्रत्यक्षात काय होतं याचा अभ्यास करायला तिच्या प्राध्यापकांनी तिला मुंबईला बोलावलं होतं. होळीला विचारलं होतं, आता आषाढ लागला. तिचं उत्तर एकच, अब्बांना विचारून कळवते. सोमवारनंतर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. आणि अब्बांना तिनं विचारलंच नव्हतं. आई नव्हती. कल्हईला दोन माणसं लागतात, एक भात्यावर, एक भांड्यावर.

नुसतं उभं राहणं तिला बरं वाटेना. पदर खोचून ती चिखलात उतरली आणि त्या मोकळ्या जागेत जाऊन वाकली.

"आगं, तितं नगं," बनाबाई म्हणाली. "ती रतनची पात हाय."

सगळी ओळ थांबली. मोकळी दिसली म्हणून आले, असं अकिला ओशाळून म्हणाली. तशी सगुणाबाईनं तिला हाताला धरून आपल्या पलीकडे नेऊन उभं केलं आणि हातात रोपांची जुडी दिली. मग बोलता बोलता सगळं उलगडलं. रतन बाळंत झाली होती. तिची पात, म्हणजे तिच्या वाट्याची लावणीची पट्टी, दोन्ही बाजूच्या दोघी हात लांबवून लावत होत्या. त्या जागी दुसरी बाई उभी राहिली, तर पाळी तिची धरली जाते. मग रतनच्या खाचरात उतरायला गाव बांधील राहत नाही. म्हणून जागा मोकळी ठेवायची. ती तिथं आहे, असं धरून चालायचं. अकिलानंही मग मुंबईचं बोलावणं आणि गिरणीतल्या बायकांच्या अभ्यासाचं सांगितलं.

"गिरणीत काय करत्यात बाळंतिणीचं?" सगुणाबाईनं विचारलं.

कायदा आहे, अकिलानं सांगितलं. बाळंतपणाची रजा आहे, रजेत थोडे पैसेही आहेत. पण पोट दिसायला लागलं की पुष्कळ ठिकाणी मुकादम आधीच कामावरून कमी करतो. मग मागायला बाईच उरत नाही.

बनाबाईनं कंबर सरळ केली. "म्हंजी पातच मोडत्यात."

"हो."

"आन तू हितं आमची लावणी बघत बसलीस व्हय?"

बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, बघत कुठं बसलीय, बघा की, वाकडी का हुईना, लावतीय. अकिलाही हसली. हातातलं रोप खोवून ती हळूच म्हणाली, मी गेले तर अब्बांचा भाता कोण ओढणार?

"त्यास्नी इचारलंस?"

"नाही."

बनाबाई पुन्हा वाकली, आणि रतनच्या जागेत तिनं डावा हात लांब केला.

जेवणाची हाक आली तेव्हा अकिला पाय धुऊन पडवीकडे गेली. नवसागराचा पांढरा धूर उंबऱ्यापर्यंत आला होता. भाता मात्र संथ लयीत चालला होता. त्यापाशी कुणी नव्हतं. भात्याच्या दांड्याला बांधलेला दोर वरच्या वाशावरून खाली येऊन फारूकभाईंच्या उजव्या पायात अडकवला होता. पाय खाली जाई, भाता भरे. पाय उचलला की फुंकर निखाऱ्यावर. दोन्ही हात मोकळे होते. एका हातात सांडशीनं धरलेलं पातेलं, दुसऱ्यात कापसाचा बोळा. तळावर कथील चांदीसारखं पसरत होतं.

अकिलानं दोराकडे निरखून पाहिलं. तो आजचा नव्हता, ती पुण्यात शिकत होती तेव्हापासूनचा असावा. पायाशी जिथं घासत होता तिथं तो काळा आणि मऊ पडला होता.

फारूकभाईंनी मान वर केली नाही. पाय चालूच होता.

"अब्बा," ती म्हणाली, "मी मुंबईला जाणार आहे."