रिटेक

अंबडजवळच्या त्या मठात बायांनी समाधीचं दर्शन उंबऱ्याबाहेरूनच घ्यायचं, ही जुनी रीत. पण सिनेमावाले आले, अन् बाया रांगेनं आत जाऊन समाधीवर डोकं टेकवतात असा त्यांचा सीन होता. मठाचे महाराज म्हणाले, "शूटिंगपुरतं चालंल."

गावातल्या बाया गोळा करायचं काम म्हाताऱ्या साखराबाईकडं आलं. पण दर रांगेत घोटाळा. डोकं टेकवून उठताना कोणी ना कोणी थेट कॅमेऱ्यात बघायचीच. डायरेक्टर कपाळावर हात मारायचा, "कट! ह्यांना काढा, दुसऱ्या आणा!" साखराबाई मुकाट्यानं दुसऱ्या आणायची.

उन्हं कलली. डायरेक्टर रडकुंडीला आला. शेवटच्या रांगेत साखराबाई स्वतः उभी राहिली. तिनं समाधीवर डोकं टेकवलं, डोळे भरून पाहिलं, अन् कॅमेऱ्याकडं ढुंकूनही न बघता बाहेर आली.

"ओके!" डायरेक्टर ओरडला. "इतकं सोपं होतं, आजी! मग सकाळपासून या बायकांना झालं काय होतं?"

साखराबाईनं पदर सारखा केला.

"त्यांला काय व्हायचंय? कॅमेऱ्यात बघा म्हणून मीच सांगितल्तं. आता गावात बिनदर्शनाची एकबी बाई राह्यली न्हाई."