साहेबांचे सुविचार

पाचच्या आत बदलीचा अर्ज मेलने साहेबांकडे गेला नाही, तर आजारी आईजवळ चिपळूणला जाणं वर्षभर लांबणार होतं. साडेचार झाले, तरी परुळेकर बाईंचा इनबॉक्स अजून उघडतच होता.

“एकोणीसशे सुविचार, मॅडम! एकही उघडलेला नाही,” कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेला गुंजाळ म्हणाला. “प्रत्येकात गुलाबाचा हा एवढा फोटो. मशीन चालणार कसं?”

“साहेब सहा वर्षं रोज पाठवतायत. पुसायची हिंमत कोणाची?”

“आई की गुलाब, ठरवा.”

बाईंनी डोळे मिटून सगळे पुसले. इनबॉक्स तुरुतुरु चालू लागला. पावणेपाचला अर्ज गेला.

तेवढ्यात साहेबांच्या केबिनमध्ये टिंग वाजलं. मग वाजतच राहिलं.

गुंजाळचा चेहरा उतरला. “साहेब मेलची पोच मागतात का हो?”

“प्रत्येक कागदाची मागतात.”

“मग प्रत्येक गुलाबामागे तुमच्या नावाने त्यांना एक मेल जातोय, न वाचता पुसला म्हणून.”

पाच वाजून दोन मिनिटांनी टिंग थांबलं. साहेब दारात आले, अगदी शांत.

“बाई, तुमच्याकडून आलेले एकोणीसशे एक मेल मीसुद्धा न वाचताच पुसले.”