वाकडा निंब

"जे झाड जागेवर नाही, ते नकाशातही नको," असा सरकारी कचेरीचा तिसरा शेरा आला, तेव्हा शाइस्तानं चडफडत वाकडा निंब पुसला. रस्त्यासाठी तो तोडून सहा वर्षं झाली होती; तरी गावकरी पत्ता सांगताना त्याचंच नाव घेत, म्हणून ती तो नकाशात ठेवी, आणि नकाशे बनवणारी तिची खामगावातली छोटी कंपनी कचेरीची बोलणी खाई. त्याच दुपारी ॲम्बुलन्सचा ड्रायव्हर गोविंदा फोनवर ओरडला, "मॅडम, वस्तीवर बाईले साप चावला, इथं तीन फाटे, अन् तुमच्या नकाशाचा बाण नुसता फिरून राह्यला!" तिनं अक्षांश-रेखांश वाचायला घेतले. "आकडे नका सांगू, जागा सांगा!" "अहो, वाकड्या निंबापासून डाव्या हाताले!" ती किंचाळली. "मंग असं बोला ना!" फोनमध्ये भोंगा वाजला आणि फोन कटला. चौथा शेरा यायचा तर येवो, म्हणत तिनं निंब पुन्हा लावला. यावेळी जरा मोठाच.