पेटीतलं वाचन

गुंजवण्याच्या एसटी थांब्यावर पुस्तकांची लाकडी पेटी आहे. एक पुस्तक न्यायचं, वाचून परत ठेवायचं. स्वप्नाली दर रविवारी लहानग्या रेवतीला तिथं घेऊन जाते.

काल रेवतीनं माकडाच्या गोष्टीचं पुस्तक परत ठेवलं आणि पेटीच्या बंद दाराला कान लावला.

"आये, आत पोरं वाचत्यात."

"व्हय का? काय वाचत्यात?"

"माकडाचंच. तू ऐक की."

स्वप्नालीनं हसत कान लावला. आतून खरंच पोरांचे बारीक, एकसुरी आवाज येत होते. ऐकता ऐकता तिला गोड गुंगी आली. मग त्यातला एक आवाज तिनं ओळखला.

तो रेवतीचा होता.

तिनं झटकन दार उघडलं. आत नुसती पुस्तकं. तिनं लेकीचा हात घट्ट धरला.

"चल घरी."

रेवतीचे ओठ हलले.

"गोष्ट संपू दे की, आये."

आवाज पेटीतून आला.