ओळख न देणारा

गुरुवारीही तो तसाच निघून गेला.

कालव्याच्या पुलाचा चढ संपतो तिथे, रोजच्याच ठिकाणी, समोरून टायरची सळसळ आली. बेलकाकूंनी रिवाजाप्रमाणे हात उंच केला, बेल एकदा वाजवली आणि खणखणीत आवाजात “नमस्कार” म्हटलं. उत्तर आलं नाही. सळसळ बाजूने गेली आणि उतारावर विरली. हा सलग चौथा दिवस.

“शिंगं फुटलीत मेल्याला,” असं पुटपुटत काकूंनी पेडल मारलं.

या रस्त्यावर सायकलवाल्याने सायकलवाल्याला ओळख दिल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा दंडक काकूंनीच घालून दिला होता. पाववाला दोनदा बेल वाजवायचा. पोस्टमन आधी खोकायचा, मग “काय काकू” म्हणायचा. शाळेतल्या दोघी बाई आपल्या गप्पा न थांबवता मधेच एक “गुड मॉर्निंग” घुसडायच्या. पूर्वी नुसता हात केला तरी चालत असे. गेल्या दोनेक वर्षांत मात्र कायदा कडक झाला होता. हातावर भागवायचं नाही, तोंड उघडायचं. मुक्याने जायला आपण काय गुरं आहोत, असं काकूंनी पोस्टमनला भर रस्त्यात सुनावलं होतं. तो हसला आणि त्या दिवसापासून बोलायला लागला.

काकू पियानो सुरात लावायच्या. तीन शाळा, एक नृत्यवर्ग आणि दहा-बारा घरं, असा चाळीस वर्षांचा व्याप होता. कॅरियरला हत्यारांची पिशवी बांधली, की त्या कुठेही पोचत. पलीकडच्या खोलीत एखादी तार केसभर उतरली असली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. सायकल होती म्हणून काम होतं, आणि काम होतं म्हणून वयाच्या सहासष्टाव्या वर्षीही त्या कोणाच्या मिंध्या नव्हत्या.

नेमकी तीच सायकल मुलाला बंद करायची होती. तो बस चालवायचा. दिवसभर रस्त्यावरचे प्रताप बघून संध्याकाळी सगळी भीती घरी घेऊन यायचा. गुडघे, रक्तदाब, डोळे, रहदारी, अशी त्याची यादी तयार होती. काकूंनी एकेकावर फुली मारली. गुडघे रोज पूल चढत होते. रक्तदाब वाढत होता तो त्याच्या भाषणांमुळे. आणि डॉक्टरांच्या दारात ताटकळत बसायला त्यांना वेळ होता कुठे? शेवटी रविवारी काय ते ठरवू, असं म्हणून त्याने विषय मिटवला होता.

“पण पडलीस तर?” त्याने गुरुवारी दुपारी जेवताना पुन्हा काढलंच. त्या आठवड्यात त्याची उशिराची पाळी होती. पोट कमी करायचं म्हणून सकाळी तो काकूंच्याही आधी बाहेर पडायचा.

“अख्खा रस्ता ओळखतो मला. दहा जण उचलायला धावतील.”

“अख्खा?”

खोटं बोलणं काकूंच्या रक्तात नव्हतं. “एक सोडून,” त्या म्हणाल्या, आणि मग त्या उर्मटाचा त्यांनी यथेच्छ उद्धार केला. सोमवारपासून उगवलाय. सायकल नवी कोरी, साखळीचा आवाजसुद्धा नाही. सायकलला एवढं तेल पाजतो, तर थोडं जिभेलाही लावावं. सून हसून हसून बेजार झाली.

मुलगा मात्र जेवता जेवता थांबला. “सायकल कोणत्या रंगाची आहे?”

“मला काय ती विकत घ्यायची आहे?”

शुक्रवारी तेच झालं. त्यात सकाळी निघताना सुनेने जागचं हलवलेलं स्टूल पायात आलं आणि काकूंनी तिचीही हजेरी घेतली. घरात निघायच्या वाटेवर काही ठेवायचं नाही, हे किती वेळा सांगायचं?

शनिवारी त्यांनी ठरवूनच टाकलं. पुलावर पोचल्यावर त्या उतरल्या, सायकल कडेला धरून उभ्या राहिल्या. सळसळ जवळ आली.

“अहो,” त्या गरजल्या, “हात मोडलाय का तुमचा? एकदा वर केलात तर झिजणार आहे का?”

सळसळ मंदावली. आता थांबतो, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग ती पुन्हा वाढली आणि निघून गेली. काकूंना बरं वाटलं. सांगायचं ते तोंडावर सांगून झालं होतं.

रविवारी चहाला तिघं टेबलाशी बसली. सायकलच्या कुलपाची किल्ली मुलाने हातात धरली होती. काकूंनी त्याला संधीच दिली नाही. कोणाच्या मेहेरबानीवर जगले नाही आणि जगणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. आपण सायकल सोडली तर करायचं काय, दिवसभर खिडकीत बसून येणारे-जाणारे बघायचे का, असंही विचारलं. मग हात पुढे केला. “आण ती किल्ली.”

किल्ली मिळाली नाही.

“काल भेटला तो?” मुलाने विचारलं.

“भेटला. असा झापला की जन्मभर लक्षात ठेवेल.”

“मग बोलला काही?”

“तो कसला बोलतोय.”

“हात तरी केला असेल.”

“हात?” काकू फणकारल्या. “अरे, मी समोर उभी होते. या डोळ्यांनी बघत होते. बोटसुद्धा हललं नाही त्याचं.”

सुनेने कप खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्याने किल्ली मुठीत घट्ट मिटली.

“सहाही दिवस मी हात केला, आई,” तो म्हणाला. “काल तर दोन्ही केले.”