दोन लिटर

मोटारसायकलवरचा पेट्रोलचा काटा कधीचाच मेला होता, पण रामहरीचा हिशेब पक्का होता. सकाळीच दोन लिटर टाकलं, आज धाकट्या भावानं गाडी नेलेली नाही, म्हणजे नेवाशाचा दवाखाना गाठून वर उरेल. उसाला पाणी देताना त्याच्या बायकोला नाग चावला होता. मागं बसवून तिला त्यानं उपरण्यानं कमरेशी बांधलं होतं. आरशात तिच्या पापण्या मिटताना दिसत होत्या. दोन्ही बाजूंना नुसता ऊस, माणूस कुठंच नाही, आणि तिथंच गाडी आचके देत थांबली. त्यानं कॉक रिझर्व्हवर फिरवला. काहीच नाही. टाकीचं झाकण काढून गाडी गदागदा हलवली. आत थेंबही वाजला नाही. “सकाळीच टाकलं हुतं की गं! गेलं कुठं?” तिची जीभ जड झाली होती. “म्या... घरी बाटलीत काढून ठिवलंय. भाऊजींनी गाडी न्हेऊ नये म्हून.”